कास्टिंगला हीट नंबर असतो

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतले कारखानदार आणि एचआर साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शॉपला गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. आम्ही मशिनिंग केलेल्या हाऊसिंगच्या (यंत्राच्या ओतीव कवचाच्या) एका जॉबमधून तेल गळत होतं. क्वालिटीच्या साहेबांनी जॉबवरचा हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या धातूच्या खेपेचा नंबर, आणि डॉट मार्किंगचा कोड वाचला, कॉम्प्युटरवर दोन-तीन फायली उघडल्या आणि वीसेक मिनिटांत सगळी कुंडली समोर. कुठल्या फौंड्रीतला ओत (कास्टिंग), कुठल्या तारखेची हीट, धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, मशिनिंग कुठल्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) झालं, शिफ्ट कुठली, ऑपरेटर कोण. ऑपरेटर मी होतो. बोलावणं आलं. "चौदा तारखेला थर्डला सात नंबरवर तूच हुतास न्हवं?" व्हय, मीच होतो. बोअर, म्हणजे मी कापलेलं भोक, मापात होता, ओतातच पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं) निघाली, म्हणून सुटलो.

तीन महिन्यांनी मी त्याच जिन्यानं वर गेलो. काम सुटलं होतं. एचआरला म्हटलं, "साहेब, इथं साडेतीन वर्षं मशीन चालवलं, तेवढा एक दाखला मिळंल काय?" त्यांनी नाव विचारलं, कॉम्प्युटरवर टाइप केलं, मान हलवली. "तुम्ही आमच्या रेकॉर्डला नाही. कॉन्ट्रॅक्टरला विचारा."

साहेब खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांच्या यादीत मी खरोखरच नव्हतो. चूक शोधायची होती तेव्हा सापडलो ती यादी वेगळी, आणि दाखला द्यायचा होता ती वेगळी. या दोन याद्यांबद्दलच हे पत्र आहे.

मी कोल्हापूरच्या कळंबा रोडच्या सरकारी आयटीआयमधून 2016 साली टर्नर झालो. मग एक वर्ष अप्रेंटिस. त्यानंतर 2018 पासून तीन कारखाने आणि माणसं पुरवणाऱ्या पाच एजन्स्या, म्हणजेच कॉन्ट्रॅक्टर. तुमच्यापैकी तिघांच्या गेटमधून मी रोज आत-बाहेर केलं आहे. खंडेनवमीला तुम्ही मशीनला नारळ फोडलात तेव्हा शेजारी हळद-कुंकवाचं ताट धरून उभा होतो. तरी तुम्ही मला ओळखणार नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. दोनशे माणसांत कोण कुणाला ओळखणार? पण कागदानं तरी ओळखावं.

आधी एक सांगतो. हे पत्र 'परमनंट करा' म्हणून नाही. ती मागणी चुकीची आहे म्हणून नव्हे, ती करणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. शिवाय तुमची बाजू मी शॉप फ्लोअरवरून पाहिली आहे. ट्रॅक्टरचा सीझन उतरला की शेड्यूल अर्ध्यावर येतं, मोठी कंपनी एका मेलवर तुमचा माल थांबवते, विजेचं बिल काही थांबत नाही. खरं म्हणाल तर तुम्हीही कुणाचे तरी कॉन्ट्रॅक्टरच आहात. फरक इतकाच, की तुम्हाला वेंडर कोड आहे. किती वर्षं माल दिला, दहा लाख नगांमागं किती रिजेक्शन, किती वेळेवर, सगळं त्या कोडखाली साठतं आणि पुढच्या ऑर्डरला उपयोगी पडतं. उद्या कुणी दर सात महिन्यांनी तुमचा वेंडर कोड पुसून नवा द्यायला लागला, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी असोसिएशनची मीटिंग लावाल.

आमचा सात महिन्यांनी पुसतात.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांसाठी. तुम्हाला माहीतच आहे. नोकरी न तुटता बारा महिन्यांत कामाचे 240 दिवस भरले की कामगाराला काही हक्क सांगता येतात. म्हणून 240 भरूच द्यायचे नाहीत. सातवा महिना संपत आला की साईटवरचा को-ऑर्डिनेटर जेवणाच्या सुट्टीत एक छापील कागद घेऊन येतो. 'मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' खाली सही. मग चार दिवस, कधी पंधरा दिवस घरी. याला ब्रेक म्हणतात. मग नवा फॉर्म, नवा फोटो, नवा टोकन नंबर आणि तेच मशीन. तिसऱ्या कारखान्यात साडेतीन वर्षांत मी सहा राजीनामे दिले. सहाही वैयक्तिक कारणानं. पहिल्यांदा को-ऑर्डिनेटरला विचारलं, कारण काय लिहायचं? तो हसला. म्हणाला, "छापलंय की तिथं. तू फकस्त सही कर."

त्या पोराला मी दोष देत नाही. तो पाचगावचा, बी.कॉम. झालेला, आणि त्याचाच दोन महिन्यांचा पगार एजन्सीकडं अडकला होता. आमच्या पगाराला उशीर झाला की आमच्या शिव्या त्यानं खायच्या आणि संध्याकाळी माझ्याकडून पेट्रोलला शंभर रुपये घ्यायचे. परतही करायचा.

एका ब्रेकची गंमत सांगतो. 2024 च्या जूनअखेरीस माझा ब्रेक पडला आणि चौथ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. सात नंबरला नवीन फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) आलंय, कुणाला बसत नाही, तासभर येऊन जा. गेलो. गेटवर सिक्युरिटीवाले मामा गोंधळले. माझा गेटपास जमा झालेला, कागदावर मी राजीनामा दिलेला माणूस. शेवटी त्यांनी व्हिजिटर रजिस्टर पुढं सरकवलं. नाव लिहिलं, गाडी नंबर लिहिला. भेटीचं कारण या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "जे करणार हाईस ते लिही." मी लिहिलं, फिक्स्चर सेटिंग. गळ्यात व्हिजिटरचा पिवळा पट्टा घालून चार तास सेटिंग केलं, पहिला जॉब पास करून दिला आणि चहा घेऊन घरी आलो. त्या चार तासांचे पैसे कुणी द्यायचे हे आजवर ठरलेलं नाही.

आता दाखल्याकडं येतो. एजन्सीनं मला दाखला दिला नाही असं नाही. पाचपैकी दोघांनी दिला. लेटरहेडवर चार ओळी: अमुक हे आमच्याकडे तमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत 'मदतनीस' पदावर होते, त्यांची वर्तणूक चांगली होती. कारखान्याचं नाव नाही, मशीनचं नाव नाही, आणि तारखा सात महिन्यांच्या.

पुष्कळ दिवस मला वाटायचं, हा एजन्सीच्या क्लार्कचा आळस आहे. मग हळूहळू उजेड पडला. यात आळस कुठंच नाही, प्रत्येक गाळलेल्या शब्दाला किंमत आहे. 'व्हीएमसी ऑपरेटर' लिहिलं तर मी कुशल कामगार ठरतो आणि किमान वेतनाचा वरचा दर लागतो. 'मदतनीस' लिहिलं की अकुशलमध्ये भागतं. कारखान्याचं नाव लिहिलं तर मूळ मालक कोण हे कागदावर येतं, आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर जबाबदारी मूळ मालकाकडं जाते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. आणि सलग तारखा लिहिल्या तर 240 दिवस दिसतात, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी दिसते. म्हणजे चार ओळींचा तो कागद फार विचार करून लिहिलेला आहे. इतक्या काळजीनं तर आम्ही फिनिश बोअरचा ऑफसेटही (मशीनला द्यायची मापाची बारीक दुरुस्ती) देत नाही.

आता माझी बाजू. मागच्या डिसेंबरात पंचतारांकितमधल्या एका कंपनीत सेटरची, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याची, जागा निघाली, कंपनी रोलवर, मधे एजन्सी नाही. पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. प्रॅक्टिकल घेतलं. ड्रॉइंग दिलं, मी प्रोग्रॅम वाचला, टूल ऑफसेट घेतले, जॉब काढला, बोअर गेजला मापात आला. प्रॉडक्शनचे साहेब खूश. मग वर एचआरकडं. त्यांनी दाखले पाहिले. 'मदतनीस.' मग पीएफचं पासबुक मागितलं. त्यात पाचही एजन्स्यांची नावं ओळीनं आहेत, आणि एकीच्या नावातच हाऊसकीपिंग आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही हाऊसकीपिंगला होता का?"

मी मोबाईल काढला आणि खंडेनवमीचा फोटो दाखवला. झेंडूचं तोरण घातलेलं मशीन, मागं कंपनीचा बोर्ड, मधे मालक, कडेला मी. मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. म्हणाल्या, "फोटो कसा लावू फायलीला?" त्यांचंही बरोबर आहे. उद्या ऑडिट आलं तर त्या काय दाखवणार, झेंडूचं तोरण?

आमचे आजोबा शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी 1906 साली काढलेली ती गिरणी. आजोबांचा पितळी बिल्ला आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. त्यावर मिलचं नाव आणि नंबर ठोकलेला. आजोबा गेले, मिलचा भोंगा बंद झाला, बिल्ला आहे. माझ्या गळ्यातलं कार्ड प्रत्येक ब्रेकला काढून घेतात आणि हरवलं तर दोनशे रुपये कापतात. वडील एकदा चिडून म्हणाले, तुझ्यापेक्षा म्हातारा बरा, मेला तरी त्याचा नंबर घरात आहे.

मला युनियन-बिनियनचा फारसा अनुभव नाही. पण बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर एका जुन्या कार्यकर्त्या काकांनी मोबाईलवर एक गोष्ट वाचून दाखवली आणि मी कप हातात धरून तसाच राहिलो. कंत्राटी कामगार कायद्याखाली केंद्रानं 1971 साली नियम केले होते. त्यात नमुना पंधरा म्हणून एक सेवा प्रमाणपत्र होतं. काम सुटलं की ठेकेदारानं ते द्यायचं. त्याच्या माथ्यावर ठेकेदाराचं नाव, काम कुठल्या आस्थापनेत चाललं तिचं नाव-पत्ता, मूळ मालकाचं नाव-पत्ता, आणि खाली कामाचं स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, वेतनाचा दर. मला जे हवं होतं ते सगळं. माझ्या जन्माच्याही पंचवीस वर्षं आधी कुणीतरी बसून तो रकाना आखून ठेवला होता.

आता नव्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. त्यांच्यात काय चांगलं, काय वाईट यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. माझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. आणि कंत्राटी कामगारानं मागितला तर त्यानं केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला ठेकेदारानं द्यायचा आहे. त्यातला 'मागितला तर' हा शब्द मात्र मला बोचतो. मागणारा कोण? ज्याचा पुढचा सात महिन्यांचा फॉर्म अजून भरायचा आहे तो? शिवाय दाखल्याची ही तरतूद ज्या कारखान्यात किंवा ज्या ठेकेदाराकडं 50 किंवा त्याहून जास्त कंत्राटी माणसं असतील तिथं. ही मर्यादा पूर्वी 20 ची होती, महाराष्ट्रानं ती आधीच 50 वर नेली होती. एकाच गेटवर तीन-तीन ठेकेदार का असतात आणि प्रत्येकाकडं माणसं पन्नासच्या आतच का असतात, हे कोडं मला पुष्कळ वर्षं पडलं होतं. आता पडत नाही.

एक हिशेबाची गोष्ट, जरा बाजूची आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टाइम ऑफिसच्या टेबलावर एकदा एजन्सीचं बिल उघडं पडलं होतं. मॅनपॉवर सप्लाय, व्हीएमसी ऑपरेटर, संख्या 14, मग दर, सर्व्हिस चार्ज आणि एकूण रकमेवर 18 टक्के जीएसटी. परमनंट माणसाच्या पगारावर जीएसटी लागत नाही, कारण नोकरानं मालकाची केलेली चाकरी त्या कराच्या बाहेर आहे. माझ्यावर लागतो, कारण माझा पुरवठा होतो. तो कर तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो, माहीत आहे. मला धक्का पैशाचा बसला नाही. धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा: त्या बिलावर मी व्हीएमसी ऑपरेटर होतो! तुमच्याकडून पैसे घेताना ऑपरेटर आणि मला दाखला देताना मदतनीस. म्हणजे खरं काय ते तुमच्या दोघांच्या मधल्या कागदावर लिहिलेलं आहे, फक्त तो कागद माझ्यापर्यंत येत नाही.

पुराचं आणि लॉकडाऊनचं लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीचा रस्ता बंद पडला, तेव्हा रोलवरच्यांचे दिवस कसेतरी सुट्ट्यांत बसवले गेले आणि आमचे गेले, एवढंच सांगतो. पण अपघाताचं सांगितलं पाहिजे. शेजारच्या मशीनवरच्या पोराच्या डोळ्यात चिप गेली. कंपनीच्या गाडीनं लगेच दवाखान्यात नेलं, त्यात कसूर झाली नाही. पण नंतर अपघाताच्या कागदावर सही कुणी करायची यावर पाच दिवस गेले. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदाराचा फोन लागेना. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे दर महिन्याला कापले जात होते, पण त्याचं कार्डच काढलेलं नव्हतं. डोळा वाचला. तो आता गडहिंग्लजला भावाबरोबर मोबाईलचं दुकान चालवतो आणि व्हीएमसीचं नाव काढलं की विषय बदलतो. चांगला ऑपरेटर होता. तुमच्याकडं 'स्किल्ड माणूस मिळत नाही' म्हणून सेमिनार होतात ना, त्यातला एक हा.

ही ओरड मी बऱ्याचदा ऐकतो, म्हणून जाता जाता बोलतो. उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळात पोरगा मेस्त्रीच्या हाताखाली लागायचा. त्याला कुणी कागद देत नव्हतं, हे खरं. पण "अमक्या मेस्त्रीच्या हाताखालचा हाय" एवढं सांगितलं की पुढच्या वर्कशॉपचं दार उघडायचं. गल्ली लहान होती, तोंडची ओळख पुरायची. आता गल्ली शिरोलीपासून कागलपर्यंत लांबली, ओळख कागदावर आली, आणि नेमका तो कागद तुम्ही तिसऱ्याच्या हातात दिलात. माणूस मिळत नाही असं नाही. मिळालेला माणूस कोण आहे हे तुम्हालाच कळेनासं झालं आहे. सात वर्षं झालेला सेटर आणि काल आलेला हेल्पर, दोघांच्या दाखल्यावर एकच शब्द. मग तुम्ही दोघांना एकाच दरात घेता, आणि सात वर्षंवाला पुण्याला चाकणला निघून जातो.

तर मागणी एवढीच. ठेकेदार कुठलाही ठेवा, पण माणूस सुटताना त्याच्या दाखल्यावर तुमच्या कारखान्याचं नाव, तो खरोखर चालवत होता ते मशीन आणि पंचिंगप्रमाणे खऱ्या तारखा येऊ द्या. खाली तुमच्या टाइम ऑफिसचा शिक्का. ठेकेदार बदलला तर जुन्याकडची ही नोंद नव्याकडं गेल्याशिवाय जुन्याचं शेवटचं बिल पास करू नका. बिल अडवलं की एजन्सी किती चपळ होते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. यासाठी नवं सॉफ्टवेअर नको. पंचिंगचा डेटा आहे, शिफ्टचा प्लॅन आहे, जॉबकार्डवर ऑपरेटरची सही आहे. तक्रार आली तेव्हा वीस मिनिटं लागली होती.

तुमचे सल्लागार सांगतील की असा शिक्का मारला तर माणूस उद्या कोर्टात जाईल. जाईलही एखादा. पण ज्याला जायचं आहे तो आजही जातो, पीएफचं पासबुक आणि साक्षीदार घेऊन. शिक्का नसल्यानं अडतो तो कोर्टात जाणारा नव्हे, दुसऱ्या कारखान्यात मुलाखतीला जाणारा.

पंचतारांकितमधली ती जागा मला मिळाली नाही. सध्या गोकुळ शिरगावातच आहे, सहाव्या एजन्सीकडून, महिना तिसरा.

तिघांपैकी पहिल्या साहेबांना: जून 2018 ते मार्च 2020, शिरोली, टर्निंग सेल. दुसऱ्या साहेबांना: सप्टेंबर 2020 ते फेब्रुवारी 2022, तुमचं युनिट लहान आहे, तुम्ही मला चेहऱ्यानं ओळखाल, दोन नंबरची व्हीएमसी. तिसऱ्या साहेबांना: मार्च 2022 ते ऑगस्ट 2025, सात नंबर. तुमच्या एचआरला मी कॉम्प्युटरवर सापडत नसेन, तर गेटवरचं जुनं व्हिजिटर रजिस्टर मागवा. 2024 च्या जूनअखेरचं पान काढा. सकाळी साडेनऊची एंट्री आहे, भेटीचं कारण फिक्स्चर सेटिंग. सिक्युरिटीवाल्या मामांनाही आठवत असेल.

या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट आहे. दाखला घ्यायला सकाळी कधीही येऊ शकतो.

आपला,
सात नंबरचा ऑपरेटर
कोल्हापूर